एकाच गाण्याच्या तीन रात्री



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या माणसाची उभी हयात मुलांना भूमिति आणि व्याकरण शिकविण्यांत गेली, आणि साठी उलटल्यावर जो मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्यें सकाळीं दूध आणणें व संध्याकाळीं पाय मोकळे करणें एवढ्याच उद्योगांत असतो, त्यानें विलायती रॉक बँडच्या जलशावर काय म्हणून बोलावें, असें कोणी विचारलें तर तें अगदींच अस्थानीं ठरणार नाहीं. परंतु त्या बँडचें गाणें हा माझा विषय नाहीं. तें चांगलें कीं वाईट हें ठरविण्याचा मला अधिकार नाहीं आणि तशी हौसहि नाहीं. मला बोलावयाचें आहे तें ऐकणाऱ्यांविषयीं. त्याच गवयांचें, बहुतांशीं तेंच गाणें, त्याच मैदानांत, लागोपाठ दोन-तीन रात्री पैसे मोजून ऐकणारा एक वर्ग जगांत आहे. तो असें कां करतो, आणि तसें करण्यानें त्याच्या पदरांत काय पडतें, एवढाच माझा आजचा प्रश्न.

हा प्रश्न माझ्या घरांत उपस्थित झाला तो असा. इंग्लंडमधील कोल्डप्ले हा बँड १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ अशा तीन रात्री नवी मुंबईंत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, गायला. माझी धाकटी कन्या एका खासगी कचेरींत नोकरीला आहे. ती स्वतःच्या पगारांतून तिन्ही रात्रीं गेली. पहिल्या दिवशीं तिच्या आईनें वाटेंत खावयास कौतुकानें डबा करून दिला. दुसऱ्या दिवशीं डबा मिळाला, कौतुक मिळालें नाहीं. तिसऱ्या खेपेस सौभाग्यवतींनीं स्वच्छ विचारलें, "अगं, गाणारे तेच, गाणीं तींच, मग परवां ऐकलेंस तें वाटेंत कोठें सांडलें काय?" कन्येनें आईला उत्तर दिलें नाहीं. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बाबा, तुम्हीं सौभद्र किती वेळां पाहिलेंत?" मी गप्प बसलों, कारण खरा आंकडा सांगणें माझ्या सोयीचें नव्हतें.

उत्तर वकिली होतें, परंतु पोकळ नव्हतें. अण्णासाहेब किर्लोस्करांचें संगीत सौभद्र १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. सुभद्रेचें लग्न अखेर कोणाशीं लागणार हें पहिल्या प्रयोगाच्या प्रेक्षकांनाहि ठाऊक होतें. पुढें काय होणार या उत्सुकतेनें तें नाटक कोणीं कधीं पाहिलेंच नाहीं. पाहावयाचें तें हें कीं, आपल्याला मुखोद्गत असलेलें पद आजचा नट कसें म्हणतो. कालच्यापेक्षां कोणती जागा निराळी घेतो. बालगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले आणि १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यानंतरच्या काळांत मंडळीचा मुक्काम गांवांत असेपर्यंत रोज नाटकगृहांत हजर असणारे शौकीन महाराष्ट्रांतल्या प्रत्येक मोठ्या गांवीं असत, असें आमच्या आधींच्या पिढीकडून आम्ही ऐकलें आहे. एका प्रयोगांत 'वन्स मोअर' मागून तेंच पद दोनदां-तीनदां ऐकणें आणि तेवढ्यानेंहि तृप्ति न होऊन दुसऱ्या रात्रीं पुन्हां तेंच ऐकावयास जाणें, ही रीत आपण साहेबाकडून शिकलों नाहीं. शब्द तेवढा त्याचा घेतला.

तिकिटांच्या दराचीहि गोष्ट तीच. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दर त्या काळीं डोळे पांढरे व्हावे असे होते, तरी नाटकगृह भरलें. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोंच केशवराव निवर्तले. जे त्या रात्रीं गेले नव्हते त्यांना पुढें ती जोडी पाहण्याची संधि फिरून मोठी अशी मिळालीच नाहीं. गाणें हा पदार्थ असा आहे कीं, तो उद्यांसाठीं झांकून ठेवतां येत नाहीं.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हें याहून जवळचें उदाहरण. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ सालीं वारले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ पासून हा उत्सव चालविला. डिसेंबरच्या थंडींत, उघड्या मैदानांत, अंगाभोंवतीं घोंगडी गुंडाळून, शेजारीं चहाचा थर्मास ठेवून रात्रभर बसणारे पुणेकर आपणांपैकीं अनेकांनीं पाहिले असतील. कित्येक स्वतः बसले असतील. फिरोज दस्तूर आले कीं त्यांनीं 'गोपाला करुणा' हें भजन म्हणावें असा श्रोत्यांचा वर्षानुवर्षें हट्ट असे, आणि तेहि तो पुरवीत. अखेरीस सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजांतील ध्वनिमुद्रिका लावावयाची आणि मग उठावयाचें, हा तेथील परिपाठ. जी तबकडी प्रत्येकाच्या घरीं आहे किंवा असूं शकते, ती ऐकावयास हजारों माणसें मांडी न मोडतां थांबत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं आल्यापासून रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी झाली. वर्षांतून मोजके दिवस बारापर्यंत सूट देण्याची मुभा सरकारला आहे, परंतु रात्रभराच्या मैफलीला ती पुरणार कशी? भैरव आणि ललत हे राग पहांटे मैदानांत ऐकण्याचें भाग्य त्यामुळें संपलें. निजणाऱ्याचा हक्क मी मानतों. तरी या एका ठिकाणीं मला वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां रॉक बँडकडे वळूं. एकाच बँडच्या मागें रात्रीमागून रात्र जाणाऱ्या श्रोत्यांचा पंथ प्रथम अमेरिकेंत उघडपणें नजरेस आला. ग्रेटफुल डेड नांवाचा बँड १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत निघाला आणि १९९५ सालीं त्याचा प्रमुख जेरी गार्सिया वारला तोंवर त्यानें सुमारें २,३०० जलसे केले. या बँडचें वैशिष्ट्य असें कीं, आज काय गावयाचें हें तो आधीं ठरवीत नसे, आणि एकच गाणें एका रात्रीं पांच मिनिटांत संपे तर दुसऱ्या रात्रीं वीस मिनिटें रंगे. आपल्याकडील गवयासारखीच गोष्ट. त्यामुळें एक रात्र चुकली म्हणजे कांहींतरी कायमचें चुकलें अशी श्रोत्यांची भावना झाली. ते जुन्या मोटारींतून गांवोगांव बँडच्या मागें हिंडूं लागले, जागेवर ध्वनिमुद्रण करूं लागले आणि तीं मुद्रणें एकमेकांना विनामूल्य देऊं लागले. इतर बँड अशा माणसांना हांकून देत. या बँडनें १९८४ पासून त्यांच्यासाठीं मैदानांत वेगळी जागाच राखून ठेवली. ८ मे १९७७ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांत झालेल्या जलशाचें मुद्रण आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय संग्रहांत समाविष्ट आहे. कचेरीच्या कारकुनानेंहि दफ्तर जपावें तसें त्या शौकिनांनीं हें सारें जपलें; ते नुसते छांदिष्ट नव्हते.

याच परंपरेंतील फिश नांवाचा बँड २०१७ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें तेरा रात्री गायला, आणि त्या तेरा रात्रींत मिळून २३७ गाणीं झालीं. एकहि दुसऱ्यांदां झालें नाहीं. अशा बँडच्या जलशाला तेरा वेळां कां जावें हें सांगावें लागत नाहीं.

परंतु कोल्डप्लेचा प्रकार नेमका उलट आहे, आणि म्हणून माझ्या सौभाग्यवतींचा प्रश्न त्यालाच खरा लागू पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकत असतां १९९६ च्या सुमारास एकत्र येऊं लागलेले हे चौघे. यांची ही यात्रा मार्च २०२२ मध्यें कोस्टा रिका देशांत सुरू झाली. त्याच वर्षीं अर्जेंटिनाच्या राजधानींत एका मैदानावर ते दहा रात्री गायले आणि २०२५ सालीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पुन्हां दहा. इतक्या मोठ्या मैदानांत दिवे, पडदे, आतषबाजी आणि कागदाच्या रंगीत तुकड्यांचा वर्षाव हें सर्व गाण्याशीं क्षणाच्या हिशेबानें बांधलेलें असतें. त्यामुळें गाण्यांची यादी आणि तिचा क्रम बहुतेक ठरलेला. दोन-चार जागा तेवढ्या मोकळ्या. 'ए स्काय फुल ऑफ स्टार्स' हें गाणें सुरू करून मुख्य गवई क्रिस मार्टिन तें मध्येंच थांबवितो आणि लोकांना विनवितो कीं, एवढें एक गाणें तरी हातांतले फोन खिशांत घालून ऐका. मग गाणें पहिल्यापासून. प्रथमच आलेल्या श्रोत्याला वाटतें, याला आतांच हें सुचलें. तिसऱ्यांदां आलेल्याला ठाऊक असतें कीं, हा रोजचा पाठ आहे. आपले हरिदासबुवाहि कथेच्या रंगांत "आतां सहज आठवलें म्हणून सांगतों" असें म्हणून जी गोष्ट सांगतात ती त्यांना वीस वर्षें सहजच आठवत असते. माझ्या कन्येला मीं विचारलें, "तुला तर ठाऊक होतें, मग तिसऱ्या रात्रीं तूं फोन ठेवलास कीं नाहीं?" "ठेवला कीं," ती म्हणाली, "तो तिन्ही वेळां विचारतो, मग आपणहि तिन्ही वेळां ऐकायला नको का?"

या उत्तरानें मला विचार करावयास लावलें. पहिल्या रात्रीं मनुष्य पुढें काय येणार याकडे लक्ष ठेवून असतो. डोळे पडद्यावर, कान आवडत्या गाण्याच्या प्रतीक्षेंत. सगळें पाहून घ्यावयाचें असतें, म्हणून कांहींच नीट पाहिलें जात नाहीं. तिसऱ्या रात्रीं ती घाई सरलेली असते. मग तो ढोलक्याचा हात पाहतो, साथीची ओळ वेगळी काढून ऐकतो, शेजारचा मनुष्य कोणत्या शब्दाला रडतो तें त्याला दिसतें. आम्ही शिक्षक एकच कविता वर्गावर तीस-तीस वर्षें शिकवितों आणि पंचविसाव्या वर्षीं तिच्यांतला एखादा शब्द प्रथमच आमच्याशीं बोलतो. हा अनुभव आपल्या व्यवसायांत ज्यानें घेतला आहे त्याला या मुलांचें वेड समजावयास अडचण पडूं नये.

ठरलेल्या चौकटींतहि फरक पडतात ते असे. मार्टिननें मुंबईंतील एका रात्रीं थट्टेनें आपल्या जसप्रीत बुमराहचें नांव घेतलें. पुढच्या एका रात्रीं त्या थट्टेवर बुमराहच्या वकिलाचें म्हणून एक लटकें पत्र वाचून दाखविलें. आणि २६ जानेवारीला अहमदाबादच्या मैदानांत तो बुमराह प्रत्यक्ष श्रोत्यांत येऊन बसला होता. ज्यानें एकच रात्र ऐकली त्याला या कथेचा एकच अध्याय मिळाला. मुंबईंतच एका रात्रीं त्यानें, ग्रेट ब्रिटननें केलेल्या वाईट गोष्टी क्षमा करून तुम्ही आमचें स्वागत करतां, याबद्दल आभार मानले. मैदानांतून मोठा जयघोष झाला. ज्यांनीं लाठ्या खाल्ल्या ते त्या मैदानांत नव्हते, आणि जे होते त्यांच्याकडे क्षमा करण्याचें मुखत्यारपत्र कोणीं दिलें, हा प्रश्न माझ्यासारख्या इतिहासाच्या तासाला सवय झालेल्या माणसाला पडतोच. तरी न बोलण्यापेक्षां बोलला हें बरें.

तिसऱ्या रात्रीचें एक तिकीट कन्येच्या मैत्रिणीला ऐन वेळीं वापरतां येईना, म्हणून तें माझ्या वांट्याला आलें. आमची जागा अगदीं वर आणि मंचापासून फार दूर होती. तेथें बसून मला जें प्रथम जाणवलें तें संगीतशास्त्रांतलें नव्हे, पदार्थविज्ञानांतलें. आवाज हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. मंच १७० मीटरांवर असला तर गवयाचा शब्द अर्ध्या सेकंदानें येतो. प्रकाशाला मात्र तेवढें अंतर म्हणजे कांहींच नव्हे. शाळेच्या मैदानाच्या टोकाला उभें राहून क्रिकेट पाहिलें असेल तर आपणांस आठवेल कीं, फळीचा चेंडूला स्पर्श आधीं दिसतो आणि टोला मागाहून ऐकूं येतो. मोठ्या मैदानांत म्हणून मध्यावर मनोऱ्यांवर आणखी ध्वनिक्षेपक लावतात, आणि त्यांतून निघणारा आवाज मुद्दाम सेकंदाचा कांहीं भाग उशिरां सोडतात. मंचावरून निघालेला आवाज तेथवर पोहोंचावा आणि दोन्ही मिळून पुढें जावे, हा हेतु. असें केलें नाहीं तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येईल. हें काम इतकें चोख होतें कीं, मला एकदांहि शब्द तुटल्यासारखा वाटला नाहीं.

परंतु टाळ्यांना कोणी असा उशीर लावून देऊं शकत नाहीं. पन्नास हजारांच्या आसपास माणसें तालावर टाळ्या वाजवूं लागलीं म्हणजे पुढच्यांची टाळी आपल्यापर्यंत उशिरां येते, आपली त्यांच्यापर्यंत उशिरां जाते, आणि सगळ्या मैदानाचा ताल पावसासारखा पसरट होतो. याच्या उलट, प्रत्येक श्रोत्याच्या मनगटावर दारावरच बांधलेली एक दिव्याची पट्टी असते. ती बिनतारी संदेशानें पेटते व विझते. संदेश प्रकाशाच्या वेगानें जात असल्यामुळें मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या सर्व पट्ट्या एकाच क्षणीं पिवळ्या होतात, एकाच क्षणीं तांबड्या. हाताचा आवाज मागें-पुढें आणि हातावरचा दिवा अचूक एकत्र! कोल्डप्लेनें या पट्ट्या २०१२ पासून आपल्या यात्रेंत आणल्या. खेळ पोरकट आहे असें म्हणणाऱ्यांना मी एवढेंच सांगेन कीं, मंचावरच्या चौघांना त्या प्रकाशाचा हिशेब ठाऊक असतो; तो पाहण्याचा आनंद मात्र वरच्या स्वस्त जागेवर बसणाऱ्यालाच पुरता मिळतो. खालीं मैदानांत उभ्या असलेल्याला शेजाऱ्याच्या डोक्याखेरीज फारसें दिसत नाहीं. त्याला ढोलाचा ठोका छातींत लागतो, तो आम्हां वरच्यांना लागत नाहीं. कन्या एका रात्रीं खालीं उभी होती, एका रात्रीं बाजूला आणि एका रात्रीं माझ्याजवळ वर. तिन्ही रात्रींचे गवई एक, गाणीं बहुतेक एक. कानाला आणि डोळ्याला मिळालेले जलसे मात्र तीन. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचें हें उत्तर मला पदार्थविज्ञानाच्या आधारानें देतां येतें, आणि तें मीं दिलेंहि. त्यांना तें पटलें असें त्यांच्या मुद्रेवरून दिसलें नाहीं.

आतां मुख्य आक्षेपाकडे येतों. तो खर्चाचा नाहीं, वांटणीचा आहे. २२ सप्टेंबर २०२४ रोजीं दुपारीं बाराला तिकिटविक्री उघडली तेव्हां, विकणाऱ्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें, एक कोटीहून अधिक लोक त्या बिनतारी रांगेंत शिरले. प्रथम १८ आणि १९ हे दोनच दिवस ठरले होते; गर्दी पाहून त्याच दिवशीं २१ तारखेची भर घालण्यांत आली. छापील दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. फेरविक्रीच्या बाजारांत तेंच तिकीट लाखांच्या भाषेंत बोलूं लागलें. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें चौकशी केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंतहि गेलें, आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें तशी जनहित याचिका फेटाळली. यासंबंधीं कायदा करावयाचा तर तें विधिमंडळाचें काम आहे असें त्याचें म्हणणें पडलें. बँडनें स्वतः एक बरी प्रथा ठेवली आहे. कांहीं थोडीं तिकिटें प्रत्येकीं २,००० रुपयांना, दोन-दोनच्या जोडीनें, नोव्हेंबरांत विकलीं. जागा कोणती हें मात्र जलशाच्या दिवशीं तिकीट हातीं पडल्यावरच कळावयाचें. ती मंचासमोरची असेल किंवा आढ्याखालची. गरिबाच्या नशिबाला एक फांसा मिळाला. माझ्या कन्येची १९ तारखेची जागा अशाच फांशाची होती.

तर मग आक्षेप असा कीं, एक कोटि माणसें बाहेर राहिलीं असतां एकाच माणसानें तीन वेळां आंत जाणें न्याय्य कसें? पंगतीला पानें मर्यादित असतांना एकानेंच तीनदां बसावें काय? मी या प्रश्नाला हलकें म्हणत नाहीं. लग्नाच्या पंगतींत असें करणाऱ्याला आपण काय म्हणूं हें सर्वांस ठाऊक आहे. कन्येचें म्हणणें, मी रांगेंत तासन् तास थांबलें, दलालाला एक पै दिली नाहीं, रिकामें ठेवण्यासाठीं तिकीट घेतलें नाहीं, आणि मीं एक जागा सोडली असती तर ती गरजवंताला न मिळतां बहुधा साठेबाजाला मिळाली असती. यांतील शेवटचें वाक्य सोडून बाकी मला मान्य आहे. साठेबाज वाईट आहे म्हणून आपण दुसरें पान वाढून घ्यावें हा न्याय लंगडा आहे. परंतु हेंहि खरें कीं, बसलेल्यांत खरा भुकेला कोण आणि आलों होतों म्हणून सांगण्यापुरता कोण आला, हें निवडण्याची सोय जगांत कोठेंच नाहीं. त्या रात्रीं आमच्या पुढच्या ओळींतील एक गृहस्थ दोन तासांपैकीं दीड तास मंचाकडे पाठ करून स्वतःचीं छायाचित्रें काढीत होते. एका रात्रीचें तिकीट असलेला हा एक, आणि तीन रात्रींची ही एक. सवाईच्या मैदानांत पांचहि दिवसांचा पास घेणाऱ्याला आपण कधीं आप्पलपोटा म्हटलेलें नाहीं, आणि आमच्या शेजारीं बोरिवलींत फाल्गुनी पाठक यांच्या गरब्याचा नऊ रात्रींचा पास काढणाऱ्या भगिनींनाहि नाहीं. वाद मिटला असें मी म्हणत नाहीं. आमच्या घरीं तो जेवतांना अधूनमधून अजूनहि निघतो.

ज्यांना यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं त्यांच्यासाठीं २६ जानेवारीचा अहमदाबादचा जलसा थेट प्रक्षेपणानें घरोघर दाखविण्यांत आला. एक लाखाहून अधिक श्रोते त्या मैदानांत होते; आम्हीं सिल्व्हर पार्कांत खुर्चीवर बसून, पाय वर घेऊन तो पाहिला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. शेवटच्या टप्प्यांत गवयानें 'वंदे मातरम्' हे शब्द गायले तेव्हां सौभाग्यवतीहि स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. परंतु कन्या थोड्या वेळानें उठून आंत गेली. "येथें टाळ्या एकदम ऐकूं येतात," ती म्हणाली. तिचें म्हणणें त्या खोलींत मला एकट्यालाच कळलें.

आतां प्रकृतीविषयीं चार शब्द, कारण घरोघरच्या आईबापांना त्यांचा उपयोग आहे. आवाजाचा जोर डेसिबेलमध्यें मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें प्रौढ माणसानें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा. आणि दर ३ डेसिबेल वाढीला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पांच, ९२ ला अडीच, आणि ९५ ला अवघा सव्वा तास. रॉकचा जलसा ९५ च्या खालीं क्वचितच राहतो आणि चालतो दोन तास. याचा अर्थ, एकाच रात्रींत आठवड्याची शिधापत्रिका संपून वर उधारी होते. चार दिवसांत तीन रात्री म्हणजे काय, याचा हिशेब चौथीच्या मुलालाहि करतां येईल. याच संघटनेनें २०२२ सालीं अशा ठिकाणांसाठीं पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबेलच्या वर जाऊं नये असा दंडक सुचविला. जलशानंतर कानांत घूं-घूं होणें आणि कापूस घातल्यासारखें वाटणें ही कानाच्या आंतल्या नाजूक पेशी थकल्याची खूण आहे. विश्रांतीनें बहुधा बरें वाटतें. परंतु त्या पेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. १९ आणि २१ यांच्यामध्यें एक दिवस मोकळा होता हें कानांच्या दृष्टीनें बरेंच झालें.

यावर उपाय साधा आहे. औषधाच्या दुकानांत कानांत घालावयाचे मऊ बोळे मिळतात. नीट बसले तर पंधरा-वीस डेसिबेल सहज कमी करतात, आणि गाणें ऐकूं यावयाचें थांबत नाहीं. मीं ते घातले होते. ध्वनिक्षेपकाच्या समोर उभें राहूं नये, आणि लहान मुलांना न्यावयाचें असल्यास कान पूर्ण झांकणारे संरक्षक घालावे. कन्येनें पहिल्या रात्रीं बोळे नेले नव्हते, दुसऱ्या दिवशीं हांक मारल्यावर ती दोनदां "काय?" म्हणाली, तेव्हां तिच्या आईनेंच ते आणून तिच्या पिशवींत टाकले.

प्रवासाचें म्हणाल, तर आमच्या मीरा रोडहून नेरूळला जाण्याचे दोन मार्ग. एक, पश्चिम रेल्वेनें दादर, तेथून मध्य रेल्वेनें कुर्ला आणि पुढें हार्बर मार्गानें नेरूळ. दुसरा, बसनें किंवा रिक्षानें घोडबंदर रस्त्यानें ठाणें आणि ठाण्याहून थेट नेरूळची लोकल. जातांना पहिला बरा, कारण घोडबंदरच्या वाहनांच्या गर्दीचा भरंवसा नाहीं. येतांना, रात्र झाल्यावर, दुसरा.  जलसा दहाला संपतो आणि मैदानांतील सर्व माणसें एकदम उठतात, तरी घाई करूं नये. पंधरा मिनिटें जागेवर बसून राहिल्यास पुढची वाट निम्म्या त्रासानें पार पडते. निघतांना दारांत ठेवलेल्या पेटींत मनगटावरची पट्टी परत करावी, कारण त्या पुढच्या गांवीं पुन्हां वापरतात. आम्हीं त्या टाकल्या, गर्दीबरोबर सावकाश नेरूळ स्टेशनाकडे चालत निघालों आणि ठाण्यामार्गें घरीं पोहोंचलों तेव्हां एक वाजून गेला होता.